बाबांच्या गाडीची रेस

माझ्या भावाने बाबांच्या मोटरसायकलची चावी दाराजवळच्या खिळ्यावरून काढली, आपल्या बॅगेत टाकली आणि मुलुंडला निघून गेला. बाबांना न सांगता. मला फोन केला तोही घरी पोचल्यावर, म्हणजे वाटेतून मी त्याला परत फिरवू नये म्हणून. "रविवारी एक माणूस गाडी बघायला येतोय," तो म्हणाला. "पटली तर घेऊन जाईल. तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, "चोर आहेस तू." तो म्हणाला, "हे बघ, इमोशनल होऊ नकोस." मला इमोशनल होऊ नकोस म्हणणाऱ्या माणसाच्या मी थोबाडीत ठेवून दिली असती, पण तो मुलुंडला होता आणि मी बोरिवलीला, स्वयंपाकघरात, हाताला कणीक लागलेली.

बाबा सत्तरी ओलांडलेले. दहिसरला आमची चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला त्यात एकटे राहतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या दिवसाला आकार आहे तो या गाडीमुळे. सकाळी नदीवरच्या पुलापलीकडे जाऊन दूध, पेपर. दुपारी बँक, पोस्ट, नाहीतर उगाच चेकनाक्यापर्यंत एक फेरी. आणि रविवारी थेट खारदांड्याला मासे आणायला. दहिसरला काय मासे मिळत नाहीत? खाली दारात कोळीण येते. पण ते जाणार खारदांड्याला, दोन पापलेटांसाठी अर्धी मुंबई तुडवत, आणि येताना माझ्या दारात उभं राहून त्यातलं एक मला देणार. वर येणार नाहीत. गाडी चालूच ठेवून खालून हाक मारणार, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. ही गाडी गेली तर बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसणार आणि बसूनच राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. आमच्या शेजारचे एक काका असेच बसले होते. ते मला परत बघायचं नव्हतं.

आता भावाचं म्हणणं काय होतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई एकतर्फी बोलतेय. मागच्या महिन्यात बाबा सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडत होते. गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीने अशी उडी घेतली की वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची चेपून भिंतीला टेकली. वॉचमन नेमका पाणी भरायला गेला होता म्हणून वाचला. बाबा पडले नाहीत, त्यांना खरचटलंही नाही. खाली उतरले, खुर्ची सरळ करायला बघितली, ती होईना, तेव्हा "उद्या नवी आणून देतंय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच आणून दिली. आमच्यासाठी विषय संपला होता. सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी तो तिथे सुरू झाला.

हा सेक्रेटरी म्हणजे सकाळ-संध्याकाळ हाफपँट घालून पार्किंगमध्ये फिरणारा आणि कोणाच्या दारात चपला किती हे मोजणारा माणूस. त्याने बाबांच्या गाडीचा व्हिडिओ काढला. गाडी स्टँडवर उभी, बाबा फडक्याने टाकी पुसतायत, आणि इंजिन नुसतं किंचाळतंय. ॲक्सिलरेटरला कोणाचा हात नाही, तरी किंचाळतंय. खाली लिहिलं होतं, 'सीनियर सिटिझनच्या कुटुंबीयांनी कृपया जबाबदारी घ्यावी.' हे सोसायटीच्या ग्रुपवर. तीनशे माणसांसमोर. बाबांचं बिचाऱ्यांचं नावही ग्रुपमध्ये नाही, त्यांचा फोन बटनांचा. त्यांच्या पाठीमागे तीनशे जण अंगठे दाखवत होते आणि ते खाली शांतपणे टाकी पुसत होते. मी तो व्हिडिओ पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजून गेलेली नाही.

भावाने तोच व्हिडिओ मला पाठवला आणि म्हणाला, "आता तरी पटलं का? बाबांचं डोकं चालत नाहीये. गाडी बोंबलतेय आणि ते म्हणतात बेस चाललीय. विचारलं एक तर उत्तर दुसरंच देतात. टीव्ही फुल ठेवतात. मध्येच गप्प होतात. मी वाचलंय, हे असंच सुरू होतं. उद्या खुर्चीच्या जागी माणूस असेल. तू घेणार आहेस का जबाबदारी?" त्याने डॉक्टरही शोधून ठेवला होता, डोक्याचा. गाडी आधी विकायची आणि मग बाबांना तिथे न्यायचं असं त्याचं ठरलं होतं. बाबांचं काय ठरलंय ते विचारायची गरज त्याला वाटली नव्हती.

माझा भाऊ वाईट नाही. घाबरलेला होता. पण घाबरला की हा माणूस मॅनेजरसारखा बोलायला लागतो आणि मग मला त्याचं एक अक्षर ऐकवत नाही.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दहिसरला गेले. बाबा दारातच उभे, खिळ्याकडे बघत. "चावी खंय गेली गो? सकाळपासून सगळा घर उलथापालथा केलंय." खरंच केलं होतं. गादी उलटी, डबे खाली, देव्हाऱ्यातले देवसुद्धा हलवलेले. मी म्हटलं, भाऊ घेऊन गेलाय. ते म्हणाले, "हां, काल येऊन गेलो तो." मी पुन्हा म्हटलं, चावी तो घेऊन गेलाय. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझी गाडी आसा ती. माका विचारूचा तरी." एवढंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही. माझ्या बापाला मी उभ्या जन्मात शिवी न देता रागावलेला पाहिला नव्हता.

आता आमच्या घराच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. बाबा तरुणपणी मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. मिल बंद पडल्यावर घाटकोपरच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर. दोन्हीकडे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या तोंडाजवळ जाऊन ओरडावं लागायचं. घरी आले तरी तेच. आमचे काका तसेच, चाळीतले त्यांचे मित्र तसेच. चार माणसं चहाला बसली तरी भांडण लागलंय असं वाटायचं. आई म्हणायची, आम्ही मालवणी माणसं, आम्हाला हळू बोलता येत नाही. आम्ही ते मान्य केलं होतं. मलाही शाळेत मुलं 'भोंगा बाई' म्हणतात, तेही मी त्याच खात्यात जमा केलं होतं. मोठ्याने बोलणं हा आमचा स्वभाव, आमचा गाव, आमचा वाण. त्यात कोणाला काही दुखणं असेल असं डोक्यातच आलं नाही.

आणि गाडीचं म्हणाल तर, बाबांनी तिला मेकॅनिकचा हात कधी लागू दिला नाही. विशेषतः रेस. रेस म्हणजे गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरला हात न लावता, इंजिन आपल्या आपण किती फिरतं ते. फार कमी ठेवली तर सिग्नलला बंद पडते, फार वाढली तर गिअर टाकताच उडी मारते. कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू असतो, तो पिळून ती लावायची. आमच्याकडे हे काम दसऱ्याला व्हायचं, पूजेच्या आधी. गाडी धुतलेली, हँडलला झेंडूचा हार, आई हातात ताट घेऊन उभी, आणि बाबा उकिडवे बसून स्क्रू फिरवतायत. फिरवायचे आणि आईकडे बघून विचारायचे, "बरा?" आई काही बोलायची नाही. मग थोडा आणखी फिरवायचे, पुन्हा "बरा?" केव्हातरी आई मान हलवायची, बाबा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकायचे आणि आई गाडीला कुंकू लावायची. आम्ही दोघं भावंडं यावरून त्यांची खेचायचो. बायकोने परवानगी दिल्याशिवाय गाडीसुद्धा चालत नाही म्हणून. आई लाजायची. बाबा हसायचे.

तर मी त्या रात्री जेवणं आटोपली आणि ठरवलं, भावाशी वाद घालण्यात अर्थ नाही, आधी मोजू या. गाडी बोंबलतेय, बोंबलतेय म्हणजे किती? मी विज्ञान शिकवते. 'फार' आणि 'खूप' असं उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य देते.

मोजायला माझ्याकडे गाडी नव्हती, चावी मुलुंडला. पण सेक्रेटरीने कृपा केलेली होती, त्याचा व्हिडिओ होता. माझ्या लॅपटॉपवर आवाजाची रेघ काढून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम आहे. मुलांना शिट्टी आणि ढोल यातला फरक दाखवायला मी तो वापरते. त्यात व्हिडिओचा आवाज टाकला. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला रेघेवर एक उंच टोक येतं. रेघ ताणून एक सेकंद अख्ख्या स्क्रीनवर पसरवला, आणि पेन्सिलीचं टोक काचेवर ठेवत ठेवत टोकं मोजली. वीस भरली. तीन वेगवेगळ्या जागी मोजून बघितली, वीसच. वीस गुणिले साठ, मिनिटाला बाराशे. गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने चौदाशे फेरे ठेवायला सांगितलेत.

म्हणजे रेस वाढलेली तर नाहीच, उलट कमी आहे. मी इतकी खूश झाले की लगेच भावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गाडी नॉर्मल आहे." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग गेटमध्ये उडी का मारली? गाडी नॉर्मल असेल तर बाबाच नॉर्मल नाहीत. तूच प्रूव्ह केलंस ना." आणि गुड नाइट म्हणून ठेवला. मी मदत करायला गेले आणि आपल्याच बापाविरुद्ध साक्ष देऊन आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण काहीतरी चुकत होतं. माझे कान काही गेलेले नव्हते. तो व्हिडिओ किंचाळत होता, आणि आकडा म्हणत होता गाडी कुजबुजतेय. दोन्ही खरं कसं असेल? दुसऱ्या दिवशी मी फोनमधले दसऱ्याचे जुने व्हिडिओ शोधले. दर वर्षी पूजेचा एक तरी मी काढतेच. आईचा शेवटचा दसरा सापडला. झेंडू, ताट, बाबा उकिडवे, आणि इंजिन असं छान ठक ठक ठक ठक चाललेलं. त्याचा आवाज रेघेवर टाकून मोजला. सेकंदाला बारासुद्धा पुरती भरत नव्हती. गुणाकार केला तर मिनिटाला सातशे. सातशेवर कुठली मोटरसायकल चालते? कधीच बंद पडली असती. आणि ही तर समोर मजेत चालतेय, बाबा तिच्यावर बसून गेटबाहेर जातायत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. फोर स्ट्रोक इंजिन. ते दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देतं. एका फेरीत पेट्रोलची वाफ आत घेऊन दाबायची, दुसऱ्या फेरीत पेटवून धूर बाहेर टाकायचा. चारही पायऱ्यांच्या आकृत्या मी फळ्यावर दर वर्षी काढते, वर मुलांना दटावते की ठोका एक, फेऱ्या दोन, विसराल तर मार्क जातील. आणि घरच्या गाडीला ठोका म्हणजे फेरी धरून बसले. सातशे नव्हे, चौदाशे. बरोब्बर कंपनीने सांगितले तेवढे. आणि सेक्रेटरीच्या व्हिडिओत बाराशे नव्हे, चोवीसशे.

चोवीसशेवर गिअर टाकल्यावर गाडी उडी मारणारच. तिथे पंचवीस वर्षांचा पोरगा असता तरी खुर्ची चेपली असती. यात डोक्याचा काय संबंध?

पण मग दुसरा प्रश्न उरतो, आणि तो भावाने विचारलाच असता. चोवीसशेपर्यंत ती रेस वाढवली कोणी? बाबांनीच. मी मधले दोन दसरे काढले, आई गेल्यानंतरचे. पहिल्यात सतराशेच्या आसपास. दुसऱ्यात दोन हजारांच्या वर. दर वर्षी, आणि त्यानंतरही केव्हातरी, बाबा स्क्रू थोडा जास्त पिळत गेलेले. आणि दर वर्षी त्यांच्या मते गाडी बेस.

मी चारही व्हिडिओ पुन्हा पाहिले, आता मोजायला नाही, नुसते बघायला. आईच्या दसऱ्याच्या व्हिडिओत बाबा स्क्रू फिरवतायत आणि त्यांचं लक्ष इंजिनाकडे नाही. स्क्रूकडे नाही. ते सगळा वेळ आईच्या तोंडाकडे बघतायत. आणि आई, जिला आम्ही लाजते म्हणायचो, ती लाजत नव्हती. ती मान किंचित तिरपी करून ऐकत होती. भुवया आवळून, नीट, भाजी फोडणीला टाकल्यावर तेलाचा आवाज ऐकायची तशी. ऐकून झाल्यावर मान हलवली आणि बाबांचा हात थांबला.

त्यानंतरच्या व्हिडिओत फोन कट्ट्यावर टेकवलाय आणि ताट माझ्या हातात आहे. बाबा स्क्रू फिरवतायत, वर बघून "बरा?" विचारतायत, आणि मी ताटातलं निरांजन विझू नये म्हणून त्याच्याकडे बघत, न ऐकताच, "हो हो, करा लवकर" म्हणतेय. बाबा जरा थांबतात. मग खाली बघून, इंजिन स्वतःला जाणवेल इतका, स्क्रू पिळतात.

बाबांना ऐकू येत नव्हतं. आज नाही, काल नाही, कित्येक वर्षं. मिलने थोडं नेलं असेल, पत्र्याच्या मशीनने उरलेलं. आणि हे आईला माहीत होतं. एकट्या आईला. गाडीवर मागे बसून ती सारखी त्यांच्या पाठीत बोट खुपसायची, आम्हाला वाटायचं घाबरते. ती त्यांना मागचा हॉर्न सांगत असायची. दाराची बेल वाजली की बाबांच्या खांद्याला हात लावून उठायची. पाहुणे काही विचारायचे तर प्रश्न ती मोठ्याने पुन्हा म्हणायची, आम्हाला वाटायचं चोंबडेपणा करते. आयुष्यभर ही बाई माझ्या बापाचे कान होऊन राहिली आणि मरताना आम्हाला एका शब्दाने सांगून गेली नाही.

आईचा मला भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, मला येतो. दागिने कुठल्या डब्यात ते सांगितलंस, कुलदैवताला काय नवस बोललीस ते सांगितलंस, माझ्या लोणच्यात मीठ कमी पडतं ते हॉस्पिटलच्या पलंगावरून सांगितलंस. आणि हे नाही सांगितलंस? काय, त्याची लाज वाटत होती? की बाबांनी शपथ घातली होती? तुला वाटलं काय, आम्हाला आपोआप कळेल? मी त्या लॅपटॉपसमोर बसून मेलेल्या आईशी भांडले आणि मग तोंड धुऊन आले.

रविवारी सकाळी मी दहिसरला पोचले तेव्हा पार्किंगमध्ये जत्राच होती. भाऊ चावी घेऊन आलेला. गाडी बघायला आलेला माणूस टायर दाबत होता. सेक्रेटरी हाफपँटमध्ये, हाताची घडी घालून, जणू गाडी त्याच्याच वडिलांची. आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या पायरीवर बसलेले. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्यांच्याबद्दल बोलत होते.

"काका, गाडीला पहिल्यापासून एवढी रेस आहे का?" त्या माणसाने गाडी एकदा सुरू करून बंद केली आणि विचारलं. बाबा त्याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "पेट्रोलचा मायलेज चांगला देता." भावाने माझ्याकडे बघितलं, बघ, म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने.

मी त्या माणसाला म्हटलं, "दादा, गाडी विकायची नाहीये. सॉरी, तुम्हाला फुकट फेरी पडली." तो माणूस भावाकडे बघायला लागला. भाऊ म्हणाला, "तू जरा गप्प बस ना यार." मी म्हटलं, "गप्प बसायला मी काय तुझ्या ऑफिसात आहे? इकडे ये." त्याला पायरीपासून लांब, खांबाआड नेलं आणि लॅपटॉप उघडला. चारही रेघा एकाखाली एक लावून आणल्या होत्या. ठोका एक, फेऱ्या दोन, हेही सांगितलं. आकडे बघून तो म्हणाला, "मग हेच तर म्हणतोय मी. स्वतः वाढवतात आणि स्वतःला कळत नाही." मी म्हटलं, "आता आईकडे बघ." आणि आवाज बंद करून तो दसरा लावला.

त्याने पूर्ण बघितला. मग परत लावला. आई मान हलवते तिथे थांबवला. माझ्या भावाचा चेहरा असा उतरलेला मी आई गेली त्या दिवशी पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच. "मी डोक्याचा डॉक्टर शोधला," तो म्हणाला. "कानाचा शोधायचा होता," मी म्हटलं. मला त्याला आणखी बोलायचं होतं, आठवडाभर साठवून ठेवलं होतं सगळं. पण तो रडायच्या बेतात होता, आणि मग बोलून काय उपयोग.

चावी त्याने माझ्या हातावर ठेवली. पण एक खरं बोलला, तेही लिहिते. "ऐकू येत नसेल तरी रस्त्यावर कसं सोडायचं गं?" नाहीच सोडायचं. मी ती चावी बाबांना दिली नाही. माझ्या पर्समध्ये टाकली, आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. हळू, पण स्पष्ट सांगितलं, की आधी कान तपासायचे. यंत्र लागेल तर लावायचं. मग डॉक्टर म्हणेल तसं. तोपर्यंत चावी माझ्याकडे. गाडी कुठेही जाणार नाही.

ते भडकतील असं मला वाटलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुका कोणी सांगितल्यान?" मी म्हटलं, "आईने." ते शर्टाच्या बटनाशी खेळत बसले.

तेवढ्यात सेक्रेटरी पुढे आला. "मॅडम, ते ठीक आहे, पण आवाजाचं काय? कमिटीला काय सांगू?" मी त्याच्याकडे वळले आणि इतक्या दिवसांचं सगळं त्याच्या अंगावर काढलं. तीनशे माणसांसमोर माझ्या बापाचा तमाशा मांडलात, खाली येऊन एकदा विचारलंत का, काका काय झालं म्हणून? दहा पावलांवर उभे होतात ना, व्हिडिओ काढत? भोंगा बाई मला उगाच म्हणत नाहीत. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. सेक्रेटरी 'कूल, कूल' म्हणत मीटरच्या खोलीकडे गेला. गाडी बघायला आलेला माणूसही केव्हा सटकला कळलं नाही.

आवाजाचं मात्र खरं होतं. मी पर्समधून चावी काढली, गाडीला लावली आणि बाबांना हाताने बोलावलं. ते उठून आले. एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि तिने सगळं पार्किंग डोक्यावर घेतलं. भावाने वरून स्क्रूड्रायव्हर आणला. ती तापेपर्यंत थांबलो. मी फोन तिच्याजवळ धरून आवाज लॅपटॉपवर घेत होते, भाऊ टोकं मोजत होता. बाबा गुडघ्याला हात देत उकिडवे बसले. स्क्रू उलटा फिरवला. चोवीसशे, मग एकवीसशे. वर बघितलं, माझ्याकडे. "बरा?" मी नाही म्हटलं. आणखी फिरवला. भाऊ सतराशे म्हणाला. "बरा?" नाही. ठोके आता सुटे सुटे यायला लागले होते. बाबांच्या कपाळाला आठ्या, आपल्या हातून गाडी बंद पडतेय असं त्यांना वाटत असणार, कारण त्यांच्यासाठी ती बंदच पडत चालली होती. तरी माझ्याकडे बघून ते फिरवत राहिले.

भाऊ म्हणाला, "चौदाशे. बस, बस." ठक ठक ठक ठक, आईच्या दसऱ्याला चालली होती तशी.

"बरा?" बाबांनी विचारलं.

माझा राग अजून गेला नव्हता, म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. "बरा आहे बाबा. झालं. बरा आहे."

त्यांनी कान झटकला आणि वैतागून माझ्याकडे बघितलं.

"बोंबलतंस कित्याक गो?" ते म्हणाले. "मान हलव. तुझी आवस नुसती मान हलवायची."

मी मान हलवली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.